कोकोच्या ट्रेला निळा रंग

मी एक जुना ट्रे आहे, पण चहाचा नव्हे! दोन माणसं ऐसपैस झोपतील एवढा मी लांबरुंद आहे आणि मला लोखंडी चाकं आहेत. ग्रेनाडा बेटावर व्हर्लिनामावशींच्या कोठाराखाली माझी जागा आहे. सकाळी मला रुळांवरून उन्हात ओढतात आणि सर आली की "ट्रे आत, ट्रे आत!" असा एकच गलका होतो.

मित्रांनो, माझ्या अंगावर कोकोच्या बिया वाळतात. त्या खालीवर व्हाव्यात म्हणून मावशी अनवाणी पाय घासत त्यांच्यातून चालतात. चालताना गातातही, पण त्याबद्दल न बोललेलं बरं.

पूर्वी आमच्या बिया पोत्यांतून परदेशी जायच्या आणि चॉकलेट होऊन इथल्याच दुकानात परत यायच्या. ते चॉकलेट आम्हालाच परवडत नसे. मावशींना याचा भारी राग. त्यांनी कपडे धुण्याच्या मोडक्या यंत्राची मोटर दळायच्या दगडांना जोडली आणि घरीच चॉकलेट करायला घेतलं. गाव हसलं. पण हॉलंडची एक दुकानदार बाई चव बघायला यायला निघाली. तिने होकार दिला तर आमच्या चॉकलेटच्या वड्या जहाजावर चढणार होत्या, नाहीतर पुन्हा पोतीच.

पाहुणी येणार म्हणून मावशींच्या धाकट्या भावाने, कथबर्टने, होडीसाठी आणलेला निळा रंग मला फासला. मला तर आभाळ ठेंगणं झालं! त्याच रंगावर नव्या बिया वाळल्या. रंगाच्या वासाची घरात सगळ्यांना सवय होऊन गेली होती.

पाहुणीने वडी तोंडात टाकली आणि नाक मुरडलं. "माफ करा, पण ही होडीसारखी लागते."

मावशींचा चेहरा उतरला. तरी दारी आलेल्याला कोको-चहा दिल्याशिवाय कसं पाठवायचं? त्यांनी गेल्या हंगामातला कोको उकळला. पहिल्याच घोटाला पाहुणी थबकली. "हीच चव वडीत का नाही?"

मावशींनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कथबर्ट! मेल्या, कोको शेजारचा वास पिऊन घेतो, हे सांगून सांगून आई थकली ना रे!"

"ताई, मी आपलं शोभेसाठी..."

"मग स्वतःला रंगवायचं होतंस!"

पाहुणीला हसू आवरेना. "या कपातली चव वडीत आणा," ती म्हणाली, "मी पुढच्या हंगामापर्यंत थांबते."

कथबर्टने काचेच्या तुकड्याने मला तासून तासून पुन्हा उघडं लाकूड केलं. पुढच्या हंगामात आमच्या वड्यांची खोकी खरोखरच जहाजावर चढली. आता मावशी वड्या गुंडाळतात आणि कथबर्ट माझ्यावर पाय घासत चालतो. गाणं मात्र तेच!

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या, पण त्यांना काय हवं ते आधी ओळखा. मला रंग नको होता. चाकांना थोडं तेल, वर चालणारे दोन पाय आणि ढग दिसताच "आत, आत!" म्हणून धावणारी माणसं, एवढंच मला हवं होतं. आणि ते माझ्याजवळ पहिल्यापासूनच होतं.