सात-वाऱ्याचा दिवस

सेवेरियाना डोंगरातून खाली उतरली तेव्हा तिच्यापाशी एक फाटकं घोंगडं, कोयता आणि कौल लावायच्या पांगाऱ्याच्या लाल बियांची थैली, एवढंच होतं. वरच्या वाडीत सैन्य शिरलं, घरं पेटली, त्या दिवशी ती आणि तिचा नवरा पास्कुआल दरीत पळाले होते. पुढे पास्कुआल तिथेच तापाने गेला. त्यालाही आता पाचशे तीस दिवस झाले होते. तेवढे दिवस ती एकटी.

बोलायला माणूस नव्हतं, म्हणून ती दिवसांशीच बोलायची. क्विचे लोकांच्या डोंगरात प्रत्येक दिवस म्हणजे एक धनी. नावं वीस, आकडे तेरा. दोन्ही एकमेकांत फिरत फिरत दोनशे साठ दिवसांनी पुन्हा मुळाशी येतात. सेवेरियाना दिवस मोजणाऱ्यांच्या घरातली. उजाडलं की पूर्वेकडे तोंड करून म्हणायची, "या, नऊ-हरीण. बसा. आमच्याकडे आज उकडलेला पालाच आहे, गोड मानून घ्या." नमस्काराशिवाय तिने एकाही धन्याला जाऊ दिलं नव्हतं.

खालच्या गावाबाहेरच्या टेकडीवर धूप जळत होता. तात सिप्रियानो निखाऱ्यापुढे बसला होता. त्या अंगाला दिवस मोजणारा म्हणून हा एक म्हाताराच काय तो उरला होता. सेवेरियाना त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली.

"तात, चार-वाट धन्यांना माझाही नमस्कार सांगा."

म्हाताऱ्याचा हात तिथेच थांबला. "कुणाला?"

"चार-वाट. आजचे."

"ते काल येऊन गेले, नान. आज पाच-बोरू." तिकडे बाईमाणसाला मानाने नान म्हणतात.

सेवेरियानाला हसू आलं. "तात, वय झालं तुमचं."

"माझं झालं. बाजारातल्या लोकांचंही झालं का? चार गावांत विचारून ये. सगळा मुलूख खुळा नि तू तेवढी शहाणी?"

"मी तिकडे दुसरं केलं काय? दिवसच मोजले ना! कृत्तिका उगवताना पाहिल्या, बुडताना पाहिल्या. शुक्र पहाटेचा संध्याकाळी गेला, तोही पाहिला."

"तारे पेरणीचं सांगतात गं. आज दारात कोण उभं आहे, ते नाही सांगत."

ती तडक उठून गेली.

गावात चेपा नावाच्या बाईने तिला चुलीजवळचा कोपरा दिला. चेपाचा नवरा रोमाल्दो याला सैनिकांनी उचलून नेलं होतं, तो परत आलेला नव्हता. सेवेरियाना रोज पहाटे तिच्या अंगणात उभी राहून कालच्याच धन्याला नमस्कार करायची. नळावरच्या बायकांना ते कळायला वेळ लागला नाही.

"शिळ्या भाकऱ्या नानला द्या गं," एकजण म्हणाली. "तिच्याकडे अजून कालच आहे, ताज्या लागतील."

बायका खदखदून हसल्या. सेवेरियानाने घागर उचलली आणि मान ताठ ठेवून निघाली. माणसांत आल्यावर आपण एकट्या पडू, असं तिला डोंगरात कधी वाटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी चेपा तिच्यापुढे येऊन बसली. "नान, बिया मांडा. माझा रोमाल्दो जिवंत आहे का, एवढंच विचारा."

सेवेरियानाने बिया घोंगड्यावर पसरल्या, चार-चारच्या ढिगल्या लावल्या. आता आजच्या धन्यापासून मोजत जायचं. शेवटच्या ढिगलीवर जो येईल त्याने बोलायचं. तिने पहिल्या ढिगलीवर बोट ठेवलं आणि बोट तसंच राहिलं. आजचा धनी कोणता? एका दिवसाची चूक झाली तर जिवंत माणूस मेलेला निघेल, मेलेला जिवंत. तिने बिया गोळा केल्या.

"आज नाही जमत गं, चेपा."

ती सरळ टेकडी चढून गेली. म्हातारा जणू वाटच बघत होता.

"बस. कुठे घसरलीस ते शोधू. तिकडे कधी ताप-बीप आला होता तुला?"

"मला नि नवऱ्याला, दोघांनाही आला होता. सहा-मगरीच्या संध्याकाळी मी आडवी झाले. त्याने कपाळावर ओलं पान ठेवलं, ते आठवतं. जाग आली तेव्हा उजाडत होतं. हा शेजारी... गार. मी सात-वाऱ्याला नमस्कार केला. दर फेऱ्याला त्याच दिवशी त्याच्या नावाची आग पेटवली."

"चूल?"

"विझलेली."

"आणि पानं? एकच होतं?"

सेवेरियाना आठवू लागली. उशाशी पानं पडली होती. सात-आठ तरी होती. काही करपल्यागत सुकलेली, काही नुसती मलूल, आणि कपाळावरचं एक अजून दमट. वाऱ्याने आणली असतील, असं तेव्हा वाटलं होतं. पण वाऱ्याने आणलेली पानं एकाच झाडाची कशी असतील? आणि ते झाड तर खाली ओढ्यावर होतं.

"एका रात्रीत नाही होत हे," ती हळूच म्हणाली.

"नाही."

"म्हणजे सात-वाऱ्याला तो दिवसभर जिवंत होता. अंगात ताप घेऊन ओढ्यावर जात-येत होता. आणि मी झोपले होते."

सिप्रियानोने निखाऱ्यावर धूप टाकला. रडू नको, असं काही तो म्हणाला नाही. मग म्हणाला, "आमच्यात यायचं तर तुला एक दिवस ओलांडावा लागेल."

तिने तो ओलांडला. तोंडाने सोपं होतं. पण ती चुकीची मोजणी सगळ्या जगात तिची एकटीची होती. पास्कुआल गेल्यापासून ती तिच्यातच राहत आली होती. ती सोडताना तिला पुन्हा एकदा घर सोडल्यासारखं वाटलं.

मग तिने चेपासाठी बिया मांडल्या. मोजणी मृत्यूच्या धन्यावर येऊन थांबली. तिने काही लपवलं नाही. चेपा ओरडून रडली, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा रोमाल्दोच्या नावाने टेकडीवर मेणबत्ती घेऊन आली.

हळूहळू लोक विचारायला येऊ लागले. पोराचं नाव, लग्न, स्वप्नं. आठ महिन्यांनी खरा सात-वारा आला. सेवेरियाना आदल्या दिवशीच एकटी दरीत गेली होती. चेपा सोबत येते म्हणाली होती, हिने नको म्हटलं. उजाडल्यापासून सूर्य बुडेपर्यंत ती त्या जागी बसून राहिली. आग पेटवली, धूप टाकला. बाकी काही केलं नाही. फक्त जागी राहिली. दुपारी एकदा डोळे मिटायला लागले तेव्हा ओढ्यावर जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं.

ती परतली तेव्हा चेपा भाकऱ्या थापत होती.

"कसा गेला दिवस, नान?"

"लांब होता गं," सेवेरियाना म्हणाली आणि चुलीपाशी टेकली.