पन्नास हजारांचा शार्पनर

या मित्रांनो, या, आणखी थोडे पुढे सरका. मागे भिंतीला टेकलेत ना, तुम्हीसुद्धा या. माझा आवाज मुळातच बारीक, आणि त्यातही जरा करकर आहे. आज मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. गोष्ट माझीच आहे, पण गंमत अशी की ती मलाच अजून पुरती उमगलेली नाही. ऐकता ऐकता तुम्हाला उमगली तर मला जरूर सांगा.

मी एक जुना शार्पनर आहे. तुमच्या कंपासपेटीत असतो तो बोटभर नव्हे हं! मी चांगला नारळाएवढा आहे. माझे अंग बिडाचे, रंग गडद हिरवा. तोंडावर सहा भोकांची गोल चकती. जाड पेन्सिल असो की बारीक, प्रत्येकीला तिच्या मापाचे भोक. पोटात पोलादाचे दोन दातेरी रूळ, पाठीला हँडल आणि खाली भुसा पडायला पत्र्याचा खण. मला टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळून बसवतात. ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथल्या फिटरने माझ्यात पहिली पेन्सिल घातली, हँडल फिरवले, टोक अंगठ्यावर टेकवून पाहिले आणि म्हणाला, "जा बाळा, कामाला लाग." एवढाच माझा आशीर्वाद. पण देवाने ज्याला त्याला एकेक काम नेमून दिलेले असते, आणि माझे काम मला पहिल्याच दिवशी कळले, हे केवढे भाग्य!

मी एका शाळेत गेलो. चित्रकलेच्या वर्गात, बाईंच्या टेबलाच्या कडेला माझी जागा होती. काय सांगू तुम्हाला! चाळीस पोरे, चाळीस पेन्सिली, आणि सगळ्यांची टोके एकाच वेळी मोडायची. रांग दारापर्यंत जायची. काही लबाड पोरे तर गणिताचा तास चुकवायला माझ्याकडे येत. बाई मान वर न करता म्हणायच्या, "पुरे रे! टोक हवंय की तलवार?" वर्ग खो खो हसायचा आणि मीही पोटातल्या पोटात हसायचो. बाई दर शनिवारी माझा खण रिकामा करत, दातांवरचा भुसा जुन्या दात घासायच्या ब्रशने झाडत आणि मला तेलाचे दोन थेंब पाजत. एकवीस वर्षे त्यांनी यात खंड पडू दिला नाही.

मग शाळेत विजेवर चालणारा शार्पनर आला. पेन्सिल घातली की घुर्र करून मोकळा. मला भंगाराच्या कपाटात टाकले. बाईंनी रीतसर अर्ज केला, मला मागून घेतले आणि मांडीवर ठेवून घरी नेले.

बाईंचे यजमान म्हणजे दौतकाका. हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. त्यांना जुन्या दौती, टाक, बोरू, शाईची पेने जमवायचा नाद, म्हणून सगळे त्यांना दौतकाका म्हणत. निवृत्त झाल्यावर ते संग्राहकांच्या मेळ्यात टेबल मांडू लागले. तुम्ही असा मेळा पाहिला आहे का? मोठ्या हॉलमध्ये रांगेने टेबले. कुणाकडे जुनी नाणी, कुणाकडे काड्यापेट्यांची चित्रे, कुणाकडे बटणे. दौतकाका दौती विकायचे आणि बाई शेजारी बसून येईल त्या पोराच्या पेन्सिलीला माझ्याकडून फुकट टोक काढून द्यायच्या.

एका वर्षी बाई देवाघरी गेल्या. आणि मित्रांनो, त्या दिवसापासून माझे हँडल कुणी फिरवले नाही.

काका मला मेळ्यात नेत राहिले. टेबलाच्या मधोमध बसवायचे, मऊ फडक्याने पुसायचे, पण पेन्सिल घेऊन कुणी पोर आले की हळूच म्हणायचे, "नको रे बाळा, त्याला हात नको लावूस." सुरुवातीला त्यांनी माझ्यावर 'विकायचा नाही' अशी चिठ्ठी लावली. पण संग्राहक ही जातच वेगळी! 'विकायचा नाही' हे शब्द वाचले की त्यांच्या तोंडाला पाणी सुटते. जो तो विचारायचा, "तसं नाही हो, पण समजा विकायचा असेल तर?" काकांच्या नाकी नऊ आले. तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बिल्लेवाल्या मावशींनी त्यांना मेळ्यातली जुनी युक्ती सांगितली.

"चिठ्ठी फाडा आणि किंमत लिहा. अशी लिहा की वाचणाऱ्याला घाम फुटेल. माझ्या आजोबांच्या बिल्ल्यावर मी गेली दहा वर्षं लाख लिहिलंय. लोक हसतात आणि पुढे जातात."

काकांनी लिहिले, पन्नास हजार. लोक खरेच हसून पुढे जाऊ लागले.

मी मात्र बुचकळ्यात पडलो. रोज शंभर टोके काढायचो तेव्हा मला कवडीची किंमत नव्हती. आता एकही टोक काढत नव्हतो, तर पन्नास हजार! हा मान म्हणावा की अपमान? माझी चकती गरगरली. पण गोंधळाची ही नुसती पहिली पायरी होती. खरा गोंधळ पुढे आहे, नीट ऐका.

गेल्या वर्षी नगरपालिकेने मेळ्यातल्या विक्रेत्यांसाठी नवा नियम काढला. टेबलावरच्या सगळ्या मालाच्या किमतींची बेरीज करायची. पंचवीस हजारांच्या आत असेल तर दोनशेचा तात्पुरता परवाना. त्याच्या वर पन्नास हजारांपर्यंत सहाशे. आणि पन्नास हजारांच्या वर गेली की 'मौल्यवान वस्तूंचा' परवाना, त्याचे तीन हजार, शिवाय बेरजेवर शेकडा पाच आगाऊ कर. अकरा वाजेपर्यंत पावती घेतली नाही तर टेबल बंद.

पावत्या करायला परवाना खात्यातल्या एक कारकून आल्या होत्या. खांद्याला कापडी पिशवी, हातात नियमांचे पुस्तक, कानामागे पेन्सिल. विक्रेत्यांनी तासाभरात त्यांचे नाव पाडले, पावतीताई. त्या एकेक चिठ्ठी वाचत, ओठ हलवत बेरीज करत आमच्या टेबलापाशी आल्या.

"दौती आणि टाक मिळून अठरा हजार चारशे. आणि हा... पन्नास हजार? काका, एकूण अडुसष्ट हजार चारशे झाले. परवान्याचे तीन हजार आणि कराचे तीन हजार चारशे वीस. सहा हजार चारशे वीस द्या."

काकांच्या तोंडचे पाणी पळाले. दिवसभर बसून चार हजारांची विक्री झाली तर ते घरी जाताना शीळ घालत.

"अहो ताई, हा विकायचाच नाही!"

"मग किंमत कशाला लिहिलीत?"

"विकायचा नाही म्हणून!"

पावतीताईंनी पुस्तक मिटले, परत उघडले. "काका, मी सकाळपासून छत्तीस टेबलं केली. आता तुम्ही मला वेड लावू नका. विकायचा नाही म्हणून किंमत?"

"तसंच असतं इथे," मावशी मध्येच म्हणाल्या, आणि हळूच आपला लाखाचा बिल्ला उलटा करून त्यावर रुमाल टाकला.

"मावशी, तो मी मघाशीच लिहून घेतला," पावतीताई मान न वळवता म्हणाल्या. मावशींचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

काका म्हणाले, "मी ह्याला पिशवीत ठेवतो. मग तर झालं?"

"पिशवीतला माल म्हणजे साठा. तोही धरायचा."

"मग नुसता बघायला ठेवतो."

"त्याला प्रदर्शनाची परवानगी लागते. अर्ज पंधरा दिवस आधी करायचा."

मी ऐकतच राहिलो. टेबलावर ठेवले तर माल, पिशवीत घातले तर साठा, बघायला ठेवले तर अर्ज! मित्रांनो, देवाने मला बिडाचे अंग दिले म्हणून बरे. नाहीतर मी तिथेच कोसळलो असतो. मी आहे तरी कोण?

शेवटी काकांनी पेन काढले. "बरं, किंमत कमी करतो. सहा हजार लिहितो. चोवीस हजार चारशे झाले. करा दोनशेची पावती."

तेवढ्यात मागून आवाज आला, "सहा हजार? मी घेतला!"

लांब कोट घातलेले एक गृहस्थ गेली तीन वर्षे माझ्याभोवती घिरट्या घालत होते. त्यांच्याकडे माझ्या कारखान्याचे सगळे शार्पनर होते, फक्त हिरवा नव्हता. त्यांनी पाकीट बाहेर काढलेसुद्धा. आणि मेळ्याचा नियम कडक! जी किंमत लिहिली, त्या किमतीला मागेल त्याला द्यायचे. नाही म्हटले तर टेबल कायमचे गेले.

काकांचे पेन चिठ्ठीच्या वर थांबले. "अजून लिहिलं नाहीये मी!" ते घाईघाईने म्हणाले.  भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा मिनिटे होती. सहा हजार चारशे वीस भरावेत तर खिशात तेवढे नव्हते. किंमत उतरवावी तर मी लांब कोटाच्या घरी जाणार. आणि टेबल सोडावे तर आयुष्याचा एकुलता एक विरंगुळा जाणार. काका खुर्चीवर बसले आणि माझ्याकडे बघत राहिले.

पावतीताई निघून गेल्या असत्या तर कुणी त्यांना बोल लावला नसता. अजून अकरा टेबले बाकी होती. पण त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, त्याही बसल्या आणि पुस्तकाचे पान न् पान चाळू लागल्या. "हे लिहिलंय कुणी, देव जाणे," त्या पुटपुटल्या. "एका पानावर एक, दुसऱ्यावर दुसरंच." मग त्यांचे बोट एका ओळीवर थांबले.

"काका, इथे 'साधने' म्हणून आहे. विक्रेत्याची वापरातली साधनं बेरजेत धरायची नाहीत. टेबल, खुर्ची, कात्री, असलं. हा चालतो का?"

"चालायचा," काका म्हणाले.

"चालायचा की चालतो? मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहिणार नाही."

काकांचा हात माझ्या हँडलपर्यंत आला आणि मागे गेला. पुन्हा आला. त्यांनी जोर लावला. मीही जीव तोडून जोर लावला, पण छे! हँडल तसूभर हलेना.

"खण भरलाय हो," मावशी वाकून म्हणाल्या. "भुसा वरपर्यंत चढलाय. रिकामा करा की आधी."

"तो बाईंचा आहे," काका म्हणाले.

 लांब कोटवाल्यांनी पाकीट खिशात ठेवले. मला तेव्हा कळले, इतकी वर्षे माझे हँडल का फिरले नाही. माझ्या पोटात बाईंच्या हातच्या शेवटच्या पेन्सिलींचा भुसा होता, आणि काकांना तो हलवायचा नव्हता. मी समजत होतो की ते मला जपताहेत!

पावतीताईंनी आपल्या वहीतला एक कोरा कागद फाडला आणि काकांपुढे पसरला. "टाकायचा कशाला? ह्यात बांधून घ्या," त्या म्हणाल्या. "मी थांबते."

काकांनी खण ओढला. लाकडाचा वास सुटला. बारीक, लालसर छटेचा भुसा कागदावर पडला. काकांनी एक कणही इकडेतिकडे जाऊ दिला नाही. पुडी बांधली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. मावशींनी बिल्ल्यांच्या पिनांना घालायचे तेल आणून माझ्या तोंडात सोडले. पावतीताईंनी कानामागची पेन्सिल काढली. सकाळपासून बेरजा करून ती पार बोथट झाली होती.

काकांनी हँडल फिरवले. मी असा काही किंचाळलो की चार टेबलांवरचे लोक वळून बघू लागले! दुसऱ्या फेऱ्याला नुसती करकर केली. तिसऱ्याला माझे दात लाकडात बसले आणि मला माझे काम आठवले. काकांनी पेन्सिल बाहेर काढली. टोक सुईसारखे निघाले होते.

"चालतो," काका म्हणाले. 

त्याच पेन्सिलीने पावतीताईंनी लिहिले: टेबल एक, खुर्ची एक, शार्पनर एक. "ती पन्नास हजारांची चिठ्ठी काढा आता. दोनशे द्या. आणि काका, वापरातलं साधन म्हणून लिहिलंय मी. पुढच्या वेळी नुसतं पुसून ठेवलेलं दिसलं तर चालायचं नाही."

लांब कोटवाले चाचरत म्हणाले, "म्हणजे आता ह्याची किंमत काय?"

"किंमत नाही," काका म्हणाले. "पेन्सिल असेल तर द्या."

तर मित्रांनो, आता मी पुन्हा कामाला लागलो आहे. प्रत्येक मेळ्यात पोरांची रांग असते. माझा रंग हँडलपाशी उडाला आहे, एक दात झिजला आहे आणि किंमत विचाराल तर शून्य. तरीही मला इतके हलके का वाटते, हे कोडे काही सुटत नाही. तुम्हाला एवढेच विनवतो, घरात कुणाची आवडती वस्तू असेल तर ती नुसती झाकून ठेवू नका. तिला तेल द्या, तिचा भुसा झाडा, तिला राबू द्या. ती थोडी झिजेल, पण मुकी होणार नाही.

आणि आणखी एक मागणे आहे. यंदाच्या मेळ्यात पावत्या करायला दुसरेच कुणी आले होते. काकांनी चौकशी केली, तेव्हा कळले की ताईंची बदली झाली. कुठे, ते कुणाला सांगता येईना. त्यांचे खरे नाव तर कुणी विचारलेच नव्हते. पावतीवर नुसती एक वेडीवाकडी सही आहे, ती कुणाला लागत नाही. अख्खा हॉल त्यांच्या नावाने बोटे मोडत होता तेव्हा त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मी थांबते." मला विसरलात तरी चालेल मित्रांनो. त्या ताईंची तेवढी आठवण ठेवा.