बिनफण्याचा नाग

"काका, याला फणा नाहीये." शेठच्या बागेचं डिझाइन करणाऱ्या उर्वीने मोबाइलवरचं चित्र लवूसमोर धरलं आणि होत आलेल्या नागाकडे पाहिलं. पुढचं बोलताना तिचा आवाज खाली आला. "तुम्ही कोरलाय."

लवूने तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला. चित्र तो रोज बघत होता. काळ्या दगडाचं वेटोळं, टोकाला खुळखुळ्यासारखी शेपटी. शेपटी त्याने बरोबर कोरली होती. फणा हाताने आपणहून घडवला होता, त्याला न विचारता.

"फणो नाय तर नाग कसो गो बाय?"

"हा मेक्सिकोतल्या फार जुन्या लोकांचा साप, काका. याला फणा नसतो. तो कात टाकतो, म्हणून त्यांना त्यात जमीन दिसायची, पुन्हा पुन्हा नवी होणारी. पोटाखालचे खवलेसुद्धा कोरायचे ते. वरून कोणाला दिसायचे नाहीत, तरी."

लवूने मान हलवली. गावी बापाच्या हाताखाली त्याने पिंपळाखाली ठेवायचे नागच घडवले होते. कुवेतला आल्यापासून राई या औद्योगिक भागातल्या मार्बलच्या कारखान्यात नुसते किचनचे ओटे आणि जिन्याच्या पायऱ्या. इतक्या वर्षांनी जीव असलेलं काही घडवायला मिळालं आणि हात सरळ गावाला निघून गेला.

फोरमन विजयकुमार मागून म्हणाला, "छोडो लवूभाई. शेठ को साचेवाला सिमेंट का दे देंगे. इसको पीछे डाल दो."

मागे म्हणजे फुटक्या लाद्यांच्या ढिगावर. लवूचे खांदे भरून आले होते. खोलीवर जाऊन आडवं व्हावं, असं त्याला मनापासून वाटलं.

"नहीं," तो म्हणाला. "फणा मैं काटता है."

उर्वी घुटमळली. "चालतं का काका तसं? नाग आहे, म्हणून विचारलं."

"डोळे खंय उघडलंय अजून? तवसर दगडच तो."

ग्राइंडरने फणा भुकटी होऊन गेला असता. लवूने छिन्नी घेतली. संध्याकाळी फणा अख्खा हातात आला.

मग पोटाचे खवले झाले. आठवड्याने फिंतासला शेठच्या बंगल्यातल्या बागेत नाग साखळीवरून खाली उतरला, ओल्या सिमेंटवर टेकला आणि खवले दिसेनासे झाले. लवूने गुडघे टेकून छिन्नीने त्याचे डोळे उघडले. शेठ खूश झाला. विजयकुमारने फोटो काढले.

"चलो, गाडी में बैठो."

"आता है."

समुद्र रस्त्यापलीकडेच होता. लवूने डब्याच्या पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला फणा काढला, पँट दुमडली आणि कोमट पाण्यात उतरला. त्याने तो फेकला नाही. वाकून दोन्ही हातांनी तळाच्या वाळूवर ठेवला आणि जरा वेळ तसाच धरून राहिला.

मागे हॉर्न वाजला. कमरेला हात लावून सरळ व्हायला त्याला वेळ लागला.