ताटलीतले ऑलिव्ह

सासूबाईंना हॉटेलात नेऊन सांगायचं, ही कल्पना नवऱ्याची. चारचौघांत आई रडणार नाही, हा त्यामागचा हिशेब. आम्ही वेगळे होतोय, एवढंच सांगायचं होतं. म्हणून रविवारी आम्ही तिघं एका महागड्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये कडक इस्त्रीच्या टेबलक्लॉथपुढे ब्रंचला बसलो होतो. बुफेचा फायदा असा, की बोलायची वेळ आली की उठता येतं.

नवरा उठतच होता. सूप झालं, सॅलड झालं, दोन तऱ्हेचे पास्ते झाले. एवढी भूक कधीपासून लागायला लागली, असं एरवी मी विचारलं असतं. आता विचारावंसंही वाटलं नाही. राग नव्हता, दुःख नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं गेले काही महिने मला सगळंच वाटत होतं. भीती मात्र एक होती. नवरा सुटला तर सुटला, पण त्याच्याबरोबर सासूबाईही सुटणार होत्या. माझी आई लग्नाआधीच गेली. त्यानंतर मी जिला आई म्हटलं ती हीच, आणि नवऱ्यापेक्षा तिच्याशीच माझं जास्त जमलं. घटस्फोटात सासू कुणाच्या वाट्याला जाते, हे वकिलाला विचारायची सोय नसते.

मी पिझ्झा आणला. त्यावरचे ऑलिव्ह वेचून ताटलीच्या कडेला ठेवत बसले, कारण ते मला आवडत नाहीत. नवरा तिरामिसू घेऊन आला आणि त्यानं घसा खाकरला.

"आई, तुला एक सांगायचं होतं."

"सांग की."

"इथली कॉफी पण चांगली असते."

घोडं इथंच पेंड खात होतं. सासूबाईंनी काटा खाली ठेवला.

"वेगळे होताय ना?"

नवऱ्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं.

"तिच्याकडे काय बघतोस? तिनं काही सांगितलेलं नाही. ते ऑलिव्ह बघ. लग्न झाल्यापासून तिच्या ताटलीतले ऑलिव्ह तू न विचारता उचलतोस. कितीदा दटावलंय मी तुला. आज केव्हाचे पडलेत."

आम्ही दोघांनी ताटलीकडे पाहिलं. चांगला ढीग झाला होता, आणि तो मी सवयीनं नवऱ्याच्याच बाजूला रचला होता.

"कॉफी आणतो," म्हणत नवरा उठला.

सासूबाई रडल्या नाहीत. तेवढा हिशेब बरोबर निघाला. त्यांनी माझी ताटली आपल्यापुढे ओढली आणि एकेक ऑलिव्ह तोंडात टाकायला लागल्या. त्यांनाही ते आवडत नाहीत, हे तोंड बघूनच कळत होतं.

"राहू द्या ना, आई."

"अगं, टाकायचे कशाला?" त्यांनी कसाबसा घास गिळला. "पुढच्या वेळी दोघी येऊ, तेव्हा मात्र बिनऑलिव्हचा घे. मला हे रोज जमायचं नाही."

हो म्हणायला मी तोंड उघडलं आणि चारचौघांत मीच रडले.