न दिसलेलं कुंकू

मी एक जुनी फ्लॉपी आहे, मित्रांनो. तळहाताएवढी, चौकोनी, काळी कुळकुळीत. तुमचा मोबाइलवरचा एक फोटोसुद्धा माझ्यात मावणार नाही. पण १९९६ साली लखनौच्या तेलीबागेत राहणाऱ्या विनयची सगळी भिस्त माझ्यावर होती.

विनय कॉम्प्युटरवर इमारतींचे नकाशे काढायचा. त्याला लाल रंग दिसत नसे. काळ्या पडद्यावरची लाल रेघ त्याच्या लेखी नव्हतीच. हे त्याने कुणालाच, अगदी आईलाही, सांगितलं नव्हतं. त्याने शोधलेला उपाय म्हणजे मी. लाल रेघा पिवळ्या दाखवणारी सेटिंग्ज त्याने माझ्यात साठवली होती. कॉम्प्युटर कुणाचाही असो, आधी मला आत सरकवायचं, मगच कामाला हात घालायचा. "काय नजर आहे याची," असं लोक म्हणाले की मी त्याच्या खिशात फुगून जायचे.

मग त्याचं ऑफिस बंद पडलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जानकीपुरमच्या एका कंपनीत त्याची परीक्षा ठरली. त्यांच्या मशीनवर, अर्ध्या तासात, नकाशातली चूक शोधायची होती. दसऱ्याला त्याच्या आईने, विजयाबाईंनी, विळी, कातर, पाना यांच्याबरोबर मलाही पाटावर मांडलं आणि हळदकुंकू वाहिलं. निघताना विनयने मला पुसलं. हळद दिसली, ती गेली. काळ्यावरचं कुंकू त्याला दिसणार कसं? ते माझ्या पत्र्याच्या झाकणापाशी तसंच राहिलं. मला ओरडता येत असतं तर!

कंपनीत परीक्षा घेणाऱ्या इंद्रजितसाहेबांनी मला हातात घेतलं आणि ते थांबले.

"ये लाल-लाल क्या लगा है?"

विनयने मला उलटंपालटं करून पाहिलं. "कहाँ, सर?"

कुंकू त्याच्या अंगठ्याखालीच होतं. साहेब त्याच्याकडे बघत राहिले. विनयच्या बोटांना घाम फुटलेला मला जाणवत होता.

"मुझे लाल नहीं दिखता, सर," तो शेवटी म्हणाला. "इसमें मेरी सेटिंग्ज हैं. एक बार लगाने दीजिए. नक्शे में गलती नहीं होगी."

साहेबांनी स्वतःच्या रुमालाने मला पुसून मशीनमध्ये घातलं. पण चार कण आत गेलेच होते. माझी तबकडी फिरू लागली तसे ते मला करकरत कापू लागले. मशीनने मला वाचायला नकार दिला. दुसऱ्यांदाही दिला. घड्याळात बारा मिनिटं गेली होती. तिसऱ्यांदा मी जिवाच्या आकांताने फिरले, आणि पडद्यावर पिवळ्या रेघा उमटल्या. त्यातली चुकलेली भिंत विनयने पाच मिनिटांत पकडली.

नोकरी त्याला मिळाली. मला मात्र त्यानंतर कुठल्याच मशीनला वाचता आलं नाही.

मित्रांनो, जिवाभावाच्या गोष्टीची दुसरी प्रत ठेवा, एकीच्याच जिवावर विसंबू नका. आणि आपल्याला जे दिसत नाही, ते निदान घरात तरी सांगा. विनयने त्या संध्याकाळी आईला सगळं सांगितलं.

पुढच्या दसऱ्याला मुक्या झालेल्या मलाही विजयाबाईंनी पाटावर मांडलं. सगळ्यांना हळदकुंकू वाहून त्या माझ्यापाशी आल्या आणि कुंकवाकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला.

"हिला नुसती हळद वाहते रे," त्या विनयला म्हणाल्या. "तुला दिसेल अशी."