दुसरं प्रूफ

धाकट्या मुलीला मुलगा झाला त्या वर्षी, मोठ्या प्रभुभोजनाला बारा दिवस उरले असताना, जुळाऱ्याच्या हातून सात प्रश्न खाली पडले. फळीवरची बांधलेली चौकट उचलून तो दगडी टेबलाकडे वळला, तेवढ्यात कुजलेली सुतळी तुटली आणि अक्षरांचे शिशाचे खिळे छापखानाभर उड्या मारत पसरले.

मशीनवाल्याने छापायच्या मशीनच्या पायट्यावरचा पाय थांबवला.

"सुटले बिचारे," तो म्हणाला. "वीस वर्षं बांधून घातले होते दादा तुम्ही."

जुळारी हसला नाही. गुडघ्यावर हात टेकून खाली बसला आणि एकेक खिळा वेचू लागला.

साधं प्रभुभोजन दर महिन्याला, मोठं वर्षातून एकदाच. त्याच्या आधीच्या रविवारी चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येकाच्या हातात एक कागद पडायचा. त्यावर सात प्रश्न. आठवडाभर ते स्वतःला विचारायचे, मनाचे कानेकोपरे झाडून घ्यायचे, आणि मगच भाकर आणि प्याला घ्यायला यायचं. प्रश्न लिहिणारे जुने पाळक केव्हाच देवाघरी गेले होते. प्रश्न जुळाऱ्याने एकदाच जुळवले होते. दरवर्षी चौकट फळीवरून उतरायची, तारीख बदलायची, पुन्हा फळीवर जायची.

जुळारी अक्षरं शिकला तो बाविसाव्या वर्षी, याच खोलीत, खिळ्यांवरून. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे त्याला उलटं आधी आलं आणि सुलटं मागाहून. अजूनही छापलेल्या पानावर त्याचं बोट ओळीखालून सरकायचं, पण जुळवलेली उलटी ओळ तो झरझर वाचायचा. अक्षरं आली तशी मंडळीत पतही आली. तो वडीलमंडळात गेला. भाकरीचं ताट बाकांमधून फिरवायचं काम त्याच्याकडे आलं. प्रार्थना म्हणायला उभा राहिला की शेवटच्या बाकापर्यंत आवाज जायचा.

दुपारी धाकटी आली. तान्ह्याला खांद्यावर टाकलेलं, डोळे सुजलेले.

"बाबा, ताई दवाखान्यात आहे. रक्ताचा आजार. तिने आधी कळवू दिलं नाही."

जुळाऱ्याच्या चिमट्यात खिळा होता. तो त्याने खणात टाकला. चुकीच्या खणात टाकला, मग काढून बरोबर खणात टाकला.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"दिवसांवर आलंय म्हणतात."

मशीनवाल्याने उगाचच फडक्याने हात पुसले.

"हा कागद आज जुळवायला हवा," जुळारी म्हणाला. "रविवारी वाटायचाय."

"ताईकडे आईचं पवित्र शास्त्र आहे, त्यात जुना कागद आहे. ती म्हणाली, हवा असेल तर बाबांनाच पाठव."

"मला नको. मला पाठ आहेत."

धाकटीने बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"तिला माहीतच होतं तुम्ही असं म्हणाल," एवढं बोलून ती गेली.

थोरलीला घराबाहेर पडून सात वर्षं झाली होती. लहानपणी शाळा सुटली की ती छापखान्यात यायची. पालथ्या खोक्यावर बसून मूळ कागद मोठ्याने वाचायची आणि जुळारी समोर प्रूफ धरून चुका टिपायचा. विरामचिन्हंसुद्धा वाचायची असतात. ती गाण्यासारखी वाचायची, स्वल्पविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद. ती सवय घरात शिरली होती. "बाबा, स्वल्पविराम, भूक लागली, उद्गारचिन्ह," असं ती म्हणायची, आणि तिची आई पदर तोंडाला लावून हसायची.

ती सतरा वर्षांची असताना आई गेली. दोन वर्षांनी मोठ्या प्रभुभोजनाला जुळारी ताट घेऊन बाकांमधून येत होता. थोरलीसमोर ताट धरलं, तर तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. जुळारी थांबला. ताट थोडं पुढे केलं. हात हलले नाहीत. शेजारच्या बाकावरच्या बायकांनी माना वळवल्या.

"चारचौघांत नाक कापलंस माझं," घरी आल्यावर तो म्हणाला.

"बाबा, माझा देवावर राग आहे. तो पोटात ठेवून भाकर कशी घेऊ? प्रश्न तर तुम्हीच जुळवलेत ना?"

"पुढच्या महिन्यात हात पुढे करायचा. या घरात राहायचं असेल तर."

"आणि नाही केला तर?"

"पूर्णविराम," जुळारी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती ट्रंक घेऊन बाहेर पडली. दुसऱ्या गावात शाळेत शिकवू लागली. जुळाऱ्याने दर महिन्याला ताट फिरवलं, स्वतःही खाल्लं, आणि तिच्या जागेशी पाय किंचित लवकर उचलला.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत त्याने सातही प्रश्न पाठांतरातून जुळवले. कुठे अडला नाही. बुधवारी वाटलं, आज जावं. सदरा घातला, आणि पाळकांकडे दुसरंच काहीतरी काम काढून बसला. गुरुवारी मात्र प्रूफ काढलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि मशीनवाल्याला म्हणाला, "ताळा पाहून घ्यायला हवा. मूळ कागद तिच्याकडे आहे."

"हो ना," मशीनवाला म्हणाला. "कामासाठीच जायचं. उगाच कोण जातं?"

दवाखान्यात खाटांची लांब रांग होती. तो तिच्या खाटेवरून पुढे गेला आणि परत आला. ओळखू आले ते फक्त हात. चादरीवर दोन्ही ठेवलेले.

"आलात," ती म्हणाली.

"प्रूफ आणलंय."

"दिसलं. खिसा काळा झालाय."

त्याने स्टूल ओढलं. उशाशी आईचं शास्त्र होतं. त्यातून तिने कागद काढला. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटायला आलेला.

"वाचू?"

"दम लागेल तुला."

"सातच तर आहेत. धरा."

त्याने प्रूफ गुडघ्यावर पसरलं आणि कानामागची पेन्सिल घेतली. ती हळू वाचू लागली.

"एक, पूर्णविराम. मी कोणाशी गोड बोलून मनात अढी धरली का, प्रश्नचिन्ह."

जुळाऱ्याचं बोट ओळीखाली थांबलं.

"पुन्हा वाच."

"मी कोणाशी गोड बोलून..."

"मी?"

"मी. म ला दुसरी वेलांटी, मी."

त्याच्या प्रूफावर होतं, तू कोणाशी गोड बोलून मनात अढी धरलीस का? त्याने 'तू'वर रेघ मारली आणि मान हलवली. ती पुढे वाचू लागली. दुसऱ्यातही मी. मी प्रार्थना लोकांच्या कानांसाठी केली का? तिसऱ्यात मी. चौथ्यात मी. जुळाऱ्याची पेन्सिल प्रत्येक ओळीवर एकदा खाली जायची आणि एकदा वर यायची.

"बऱ्याच चुका दिसतात," ती म्हणाली.

"एकच आहे."

"मग इतका वेळ?"

"एकच. सगळीकडे तीच."

तिने मान वळवून प्रूफाकडे पाहिलं. तिला उलटं वाचता यायचं, तेही त्यानेच शिकवलेलं. तिने ते सगळे 'तू' वाचले. पुन्हा कागद वर धरला.

"पाच, पूर्णविराम. मी कोणाला दाराबाहेर ठेवले का." इथे ती थांबली.

"प्रश्नचिन्ह," जुळारी म्हणाला.

"प्रश्नचिन्ह. इथेच अडकले होते मी, बाबा. आई गेल्यावर मी देवाला दाराबाहेर ठेवलं होतं."

"आणि आता?"

"आता आत असतो. इथे, स्टुलावर. तुम्ही यायच्या आधी तोच बसला होता." ती जराशी हसली. "फार बोलत नाही आम्ही. पण भांडणही नाही."

जुळाऱ्याने पेन्सिल या हातातून त्या हातात घेतली. 'चुकलो' हा शब्द त्याला डोळ्यांसमोर दिसत होता, ओळ जुळवायच्या स्टिकमध्ये बसवल्यासारखा. कुठला खिळा कुठल्या खणातून येतो तेही कळत होतं. पण तो शब्द उलटा होता, आणि तोंडातून यायला सुलटा लागतो.

उरलेले दोन प्रश्न तिने वाचले. मग डोळे मिटून पडून राहिली.

"दुरुस्त करून उद्या आणतो," जुळारी म्हणाला. "मग नीट बोलू आपण."

"दुसरं प्रूफ लागेलच."

"दुपारपर्यंत येतो."

"तुमचं दुपारपर्यंत मला ठाऊक आहे," ती डोळे न उघडता म्हणाली. मग लहानपणी म्हणायची तशी म्हणाली, "बाबा, स्वल्पविराम."

त्याने वाट पाहिली. पुढचं वाक्य आलं नाही. तिला झोप लागली होती.

शुक्रवारी सकाळी तो दार उघडायच्या आधीच छापखान्याच्या पायरीवर येऊन बसला होता. मशीनवाला म्हणाला, "आधी जाऊन या की. खिळे कुठे पळतायत?"

"तिच्या हातात स्वच्छ प्रूफ द्यायचंय."

काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. 'तू' काढून 'मी' घातला की भागत नाही. 'तू' गेला की त्याच्यामागून क्रियापदाचा 'स'ही जावा लागतो. धरलीस, केलीस, मोडलास, ठेवलेस. प्रत्येक ओळीच्या शेपटातून एक 'स' चिमट्याने उपटायचा. तो निघाला की ओळ ढिली पडते, मग त्या जागी कोरा तुकडा ठोकायचा. जुळारी एकेक 'स' काढून डाव्या तळहातावर ठेवत गेला. उलटी ओळ तो नेहमी झरझर वाचायचा. त्या दिवशी प्रत्येक ओळ वाचून झाल्यावर तो थोडा वेळ नुसताच उभा राहायचा. मशीनवाल्याने दोनदा हाक मारली, पण त्याला ऐकू गेली नाही.

सातवा 'स' निघाला. त्याने शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवला, दाबला, टोकाला धरून सोलला. सगळं जागच्या जागी होतं. वाळावा म्हणून तो कागद हवेत हलवत होता, तेव्हा दारात धाकटी उभी राहिली. खांद्यावर बाळ नव्हतं.

मशीनवाला उठून उभा राहिला.

जुळारी म्हणाला, "झालंच आहे. निघतोच आहे मी."

धाकटीने पुढे येऊन त्याच्या हातातला ओला कागद हळूच काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

रविवारी दोनशे कागद वाटले गेले. लोकांना ते नेहमीसारखेच वाटले, आणि ते नेहमीसारखेच होते.

पुढच्या रविवारी मोठं प्रभुभोजन होतं. पाळकांनी ताट पुढे केलं, पण घ्यायला जुळारी पुढे आला नाही. थोरली बसायची त्या बाकावर, त्याच जागी तो बसला होता. दुसऱ्या कोणीतरी ताट घेतलं. ते फिरत फिरत त्याच्यासमोर आलं आणि थांबलं. जुळाऱ्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. ताट किंचित पुढे झालं. शेजारच्या बाकावरच्या बायकांनी माना वळवल्या. त्याच्या डाव्या मुठीत काहीतरी होतं, आणि ती मूठ त्याने उघडली नाही.

त्याची थोरली मुलगी त्याच्या नऊ दिवस आधी, शुक्रवारी सकाळी सव्वाअकरा वाजता वारली. ती सव्वीस वर्षांची होती. मशीनवाल्याच्या आठवणीप्रमाणे त्या वेळी जुळारी पाचव्या प्रश्नाशी उभा होता.