बंद इंजिनाचा जावई

लिफ्टवाल्याच्या देखरेखीखालच्या अठ्ठावीस लिफ्टांपैकी एकही कधी दोन मजल्यांच्या मध्ये अडकली नव्हती. आणि त्याच माणसाच्या विमानाचं इंजिन हवेत पाच मिनिटं कधी टिकलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

विमान म्हणजे रिमोटवर उडणारं, दोन हात पंखांचं. नाकात मुठीत मावेल एवढं ‘ग्लो’ जातीचं इंजिन. मिथेनॉल आणि एरंडेल तेल यांच्या मिश्रणावर ते चालतं. आता ‘चालतं’ हा शब्द लिफ्टवाल्याच्या इंजिनाच्या बाबतीत जरा मोठ्या मनानं घ्यायचा. सगळ्यांत स्वस्त म्हणून त्यानं ते टपालानं मागवलेलं होतं. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, ‘धीर धरल्यास हे इंजिन आपणांस आनंद देईल.’ त्याला धीर धरून दोन वर्षं झाली होती.

बायकोनं त्या इंजिनाचं नाव ठेवलं होतं रुसूबाई. जमिनीवर असेपर्यंत बाई अशी गुरगुरायची की वाटावं, आज डोंगर ओलांडते. वर गेली की चौथ्या मिनिटाला काही कारण नसताना गप्प. एखाद्या दिवशी चार मिनिटं निभावलीच, तर उतरवण्यासाठी वेग कमी केला रे केला की तिथं गप्प. त्यानं इंधन पेटवणारे नऊ ग्लो प्लग बदलले. इंधन कमीजास्त करणारी सुई पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरवून पाहिली. एकदा तर सगळं इंजिन खोलून साबणाच्या पाण्यात उकळलं, तेही बायकोच्या दुधाच्या पातेल्यात. त्या पातेल्याला एरंडेलाचा वास कायमचा चिकटला.

“ते आता तुम्हालाच ठेवा,” बायको म्हणाली. “आणि त्यात उकळायला दुसरं काही नसलं तर स्वतःचं डोकं उकळा.”

त्या उकळण्यानं रुसूबाई आठवडाभर खूश होती. चार मिनिटं चाळीस सेकंद चालली.

पण एक झालं. इंजिन हवेत मेलं की विमान मुकाट्यानं खाली यायला लागतं आणि हातात एकच संधी उरते. नाक जरा खाली ठेवायचं, वाऱ्याकडे तोंड करायचं, आणखी लांब नेण्याची हाव धरायची नाही. लिफ्टवाला ते शिकला. न शिकून सांगतो कुणाला? सत्त्याण्णव वेळा त्यानं मेलेल्या इंजिनानं विमान उतरवलं होतं आणि अवजारांच्या पेटीच्या झाकणावर सत्त्याण्णव रेघा मारल्या होत्या. त्या त्याला अपमानाच्या रेघा वाटत.

कारण शेजारीच साडू उडवत असे. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि त्याच्याकडचं सगळं कसं नामांकित. त्याचं इंजिन एका झटक्यात सुरू व्हायचं आणि म्हणाल तोवर चालायचं. त्याला उतरताना डोळा मारायची सवय होती. “काय लिफ्टवाले, आज कितव्या मजल्यावर अडकली?” असं विचारल्याशिवाय त्याचा रविवार साजरा होत नसे.

या दोघांच्या मागे घडीच्या खुर्चीवर सासरे बसत. त्यांचा जन्म पुस्तकं बांधण्यात गेला होता. दर रविवारी ते जावयांबरोबर गोदामांमागच्या मैदानावर येत आणि डोक्याला रुमाल बांधून न बोलता बघत. विमानांच्या टाक्या भरायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. हात थरथरायचे, पण इंधनाचा पंप हँडल फिरवून चालवायचा होता आणि हँडलाला थरथर कळत नाही, असं ते म्हणत.

या सासऱ्यांनीही एक विमान बांधायला घेतलं होतं. दोन वर्षं ते बाल्साच्या हलक्या लाकडाच्या काड्या चिकटवत होते. पंखांचं कापड असं ताणून बसवलं होतं की टिचकी मारली तर टणटण वाजावं. शेपटीवर त्यांनी सुबक अक्षरांत लिहिलं, ‘खंड पहिला’. शेवटच्या ‘ला’चा काना मात्र वाकडा गेला होता, कारण तोवर हात फारच हलायला लागले होते.

विमान पुरं झालं त्या संध्याकाळी जेवणानंतर ते टेबलावर ठेवलं गेलं. दोन्ही लेकी, दोन्ही जावई भोवती बसले.

“उडवायचं कोणी?” साडूनं विचारलं. खरं तर त्यानं सदऱ्याच्या बाह्याही वर केल्या होत्या.

“हे उडवतील,” सासरे म्हणाले आणि त्यांनी लिफ्टवाल्याकडे बोट केलं.

साडूचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. लिफ्टवाल्याचाही काही वेगळा नव्हता. पण साडू हार मानणाऱ्यातला नव्हे. “ठीक आहे. पण इंजिन माझं बसेल. बाबांच्या विमानात ती रुसूबाई मी बसवू देणार नाही.” लिफ्टवाल्यानंच उठून त्याला पेचकस आणून दिला.

रात्री बायको त्याला म्हणाली, “हे पडलं तर बाबांकडून दुसरं होणार नाही. हात बघितलेत ना त्यांचे?”

“बघितले.”

“मग नीट आणा खाली.” आणि ती कूस बदलून झोपली. तो मात्र छताकडे बघत पडला.

रविवारी वारा बेताचा होता. सासऱ्यांनी सवयीप्रमाणे पंप फिरवून टाकी भरली, झाकण लावलं आणि खुर्चीवर जाऊन बसले. साडूनं नाकावरचा पंखा एकदा टिचकावला आणि इंजिन सुरू झालं. “आवाज ऐका नुसता,” तो म्हणाला. विमान गवतावरून पंधरा पावलं धावलं आणि हलकेच उचललं गेलं. दोघी बहिणींनी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी रुमाल सोडून डोळे पुसले आणि परत बांधला.

लिफ्टवाल्यानं मैदानाला मोठमोठे फेरे मारले. काय सुरेख उडत होतं. तीन मिनिटं झाली. चार झाली. सवयीनं त्यानं विमान मैदानाच्या जवळ आणून ठेवलं आणि इंजिन मरायची वाट बघत राहिला. पाच मिनिटं झाली. इंजिन आपलं एका सुरात गातंय.

आणि त्या वेळी, सहाव्या मिनिटाला, या गृहस्थाच्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला की चालत्या इंजिनानं विमान आपण आयुष्यात एकदाही उतरवलेलं नाही. त्याची पाचावर धारण बसली.

त्यानं वेग कमी केला. रुसूबाईनं तिथंच डोळे मिटले असते. हे इंजिन टुकटुक करत विमानाला ओढतच राहिलं. विमान हलकं, पंख मोठे. ते गवतावर हातभर उंचीवरून तरंगत सरळ पुढे निघालं, पार गोदामांच्या पत्र्यांपर्यंत. त्यानं घाईघाईनं वेग वाढवून ते वर काढलं.

“वा,” थोरली मेहुणी म्हणाली. “किती खालून नेलं.”

दुसऱ्या वेळी तेच झालं. तिसऱ्या वेळी चाकं गवताला लागली, विमान चेंडूसारखं उसळलं आणि पंखाचं टोक पत्र्यापासून वीतभरावरून गेलं. सगळे कौतुकानं बघत होते. बायको तेवढी उठून उभी राहिली. नवऱ्याचे कान लाल झाले की काय समजायचं, हे तिला ठाऊक होतं.

“साडूभाऊ,” लिफ्टवाला दबक्या आवाजात म्हणाला, “जरा इकडे या. खाली येत नाहीये.”

“वेग कमी करा.”

“अगदी कमी आहे. आणखी कमी करून बंद पाडू बघतोय, तर तेही होत नाही.”

साडूनं घसा खाकरला. “तो कमीत कमी वेगाचा स्क्रू मी थोडा वर ठेवलाय. बंद पडू नये म्हणून.”

“मग बंद करायचं कसं?”

“चांगलं चाललेलं इंजिन बंद कशाला करायचं?”

लिफ्टवाल्यानं डोळे विमानावरून न हलवता रिमोट त्याच्यापुढे धरला. “घ्या. तुम्ही चालत्या इंजिनाचे. तुम्ही उतरवा.”

साडू दोन पावलं मागे सरकला. “छे छे. माझं विमान जड, दगडासारखं बसतं. हा तर पतंग आहे. बाबांचं विमान पाडलं तर ही मला घरात घ्यायची नाही. तुम्ही उतरवा, मी सांगतो.” म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायला साडू तयार होता.

मग साडू सांगू लागला आणि लिफ्टवाला ऐकू लागला. लांबून या, आणखी लांबून, आता खाली, इतकं नाही. शेपटीवरचा तो वाकडा काना लिफ्टवाल्याला इतक्या लांबून दिसणं शक्य नव्हतं, तरी दिसत होता. लोकांच्या अठ्ठावीस लिफ्टा आपण बरोबर मजल्यावर थांबवतो आणि म्हाताऱ्याच्या दोन वर्षांचं मातेरं करणार, असं त्याला वाटलं आणि खरोखर रडू आलं.

विमान मैदानाच्या टोकाला वळलं आणि इंजिन खोकलं. एकदा, दोनदा, आणि गप्प झालं.

साडूनं दोन्ही हात डोक्याला लावले. “मेलं,” तो म्हणाला आणि मटकन खाली बसला. थोरल्या मेहुणीनं डोळे झाकले.

लिफ्टवाल्याचा जीव मात्र भांड्यात पडला. सगळीकडे शांत झालं, नुसता पंखांवरून वारा सळसळत होता. हे त्याच्या ओळखीचं होतं. त्यानं खांदे सैल सोडले, नाक जरा खाली केलं, वाऱ्याकडे तोंड केलं. हाव धरली नाही. विमान आवाज न करता आलं, चाकं टेकली, आणि सरळ धावत घडीच्या खुर्चीसमोर येऊन थांबलं. सासऱ्यांना ते उचलायला उठावंही लागलं नाही.

बायकोनं पेटीतला खडू काढून झाकणावर अठ्ठ्याण्णवावी रेघ स्वतः मारली.

साडू अजून गवतातच होता. “माझं इंजिन बंद पडलं,” तो सुतकी आवाजात म्हणाला. “आठ मिनिटांत. टाकी तर पंधरा मिनिटांची आहे.” तो उठला, त्यानं प्लग पाहिला, सुई पाहिली, शेवटी टाकीची नळी काढून पाहिली. टाकी कोरडी ठणठणीत होती.

“अर्धीच भरली होती,” सासरे म्हणाले.

साडूनं नळी पुन्हा एकदा फुंकून पाहिली.

“दोन वर्षं या खुर्चीवर बसतोय,” सासरे लिफ्टवाल्याला म्हणाले. “तुमच्यासारखं मेलेलं विमान उतरवणारा दुसरा नाही बघितला. आणि चालत्या इंजिनानं उतरताना तुम्हाला एकदाही नाही बघितलं. म्हटलं, उतरवायचं काम तुमचं, बंद पाडायचं माझं.”

“बाबा, मला आधी सांगायचं तरी,” लिफ्टवाला म्हणाला. त्याचे कान अजून लाल होते.

“सांगितलं असतं तर रात्रभर झोपला नसतात.”

“म्हणजे इंजिनाचा काही दोष नाही,” साडू म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर रंग परत आला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

सासऱ्यांनी विमान मांडीवर घेतलं. त्यांचा हात शेपटीवरून फिरला, थरथरत, त्या वाकड्या कान्यापाशी थांबला. मग त्यांनी लिफ्टवाल्याचे दोन्ही हात ओढून आपल्यासमोर धरले आणि मापं घ्यावीत तसे उलटसुलट करून पाहिले.

“खंड दुसरा बांधायचाय,” ते म्हणाले. “डोकं माझं, हात हे. उद्यापासून कामावरून सुटलात की सरळ माझ्याकडे यायचं.”

लिफ्टवाल्यानं मान डोलावली.

“आणि त्यात इंजिन म्हणून रुसूबाईच बसवा,” सासरे म्हणाले. “तिची टाकी काठोकाठ भरली तरी काळजी नाही.”